डुमिंगअंकलचा हेलकावा

डुमिंगअंकलचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. उकाडा असो, घरात पाहुणे असोत, चर्चमध्ये मिसा चालू असो, हात आपला खिशात. मरोळच्या गावठाणात त्यांच्या घराची मागची खोली आम्ही मायलेकींनी भाड्याने घेतली, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, काय हा माणूस शिष्ट! घरमालक झाला म्हणून काय झालं? मग कळलं की आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले त्याची ती सवय. व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात. दोन्ही हात आत घातले आणि शॉक बसला, तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो. म्हणून काम करायचं ते उजव्या हाताने, डावा खिशात. "छातीत एकच गोष्ट जाऊ द्यायची टीचर, बायकोचं बोलणं," असं ते मला सांगायचे. मी शाळेत शिकवते म्हणून मी टीचर. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

एका रेडिओ कंपनीच्या वर्कशॉपात तीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले होते. ओटीवर एक लांबलचक टेबल, वर फळीवर ओळीने बल्बसारखे दिसणारे व्हॉल्व्ह, काचेच्या बरण्यांत स्क्रू. रिटायर झाल्यावर घरीच धंदा करायचा असा त्यांचा बेत होता. पण मी म्हणते तो काळ ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा. घराघरांत टू-इन-वन आले होते, टीव्ही आले होते. व्हॉल्व्हचा रेडिओ कोण घेऊन येणार? ट्रान्झिस्टरचं काम आलं तर अंकल हात लावायचे नाहीत. "तीन पायांचा किडा तो. पेटत नाय, तापत नाय, मेला तरी कळत नाय. असल्याशी मी काय बोलणार?" आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायचं आणि मग दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचं. मला राग यायचा. अहो, शिका की दोन नवीन गोष्टी! एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "तू शिकव तिसरीच्या पोरांना."

पण व्हॉल्व्हच्या कामात मात्र हा माणूस झकास. मीटर सगळ्यात शेवटी. आधी सेट चालू करून डोळे मिटून ऐकायचं, मग बायकोची विणायची लाकडी सुई घेऊन आतल्या एकेका भागावर टकटक करायची. कुठे आवाज बदलतो ते बघायचं. "फॉल्ट कधी खोटं बोलत नाय. माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमचा जुना रेडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी असंच दोन मिनिटं ठोकून पाहिलं आणि आईला विचारलं, "ओल्या फडक्यानं कोणी पुसला?" आई उसळली. "मी खंय पुसलंय? माका काय येड लागला?" अंकलनी शांतपणे आतला एक गंजलेला सांधा तिला दाखवला. "फॉल्ट सांगतो, तू पुसला." आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण रेडिओ चालू झाला.

त्यांची बायको म्हणजे फिलूआंटी. ती हवाईयन गिटार वाजवायची. मांडीवर आडवी ठेवतात ती गिटार. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकवायचा. गावठाणातल्या लग्नांत, सणाला, कोणाच्या बारशाला फिलूआंटी हवीच. घरात गिटारची वायर जुन्या रेडिओच्या पाठीला, ग्रामोफोनसाठी ठेवलेल्या भोकांत खोचायची आणि रेडिओतून वाजवायची. बार सुरावर नेऊन ठेवला की ती मनगट अगदी जरासं हलवायची आणि सूर डुलायला लागायचा. त्याला ती हेलकावा म्हणायची. "सरळ सूर म्हणजे मेलेला सूर गो. हेलकावा दिला की जीव येतो." मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण वह्या तपासता तपासता मागच्या खोलीत तो सूर ऐकू आला की माझं लाल पेन थांबायचं, हे खरं.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात आंटीला अर्धांगाचा झटका आला. हलका होता, जीव वाचला, महिनाभरात चालायलाही लागली. पण डावा हात आखडला. बार धरता येत होता, कसाबसा सरकवता येत होता, पण मनगट हलेना. डॉक्टरांनी सांगितलं, हात वापरा, रोज वापरा, नाहीतर होता तोही जाईल. आंटीने एकदाच गिटार मांडीवर घेतली, एक सूर काढला, सरळसोट, काठीसारखा. तिने गिटार खोक्यात घातली आणि खोकं पलंगाखाली ढकललं. मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अंकलनी विनवण्या केल्या, चिडले, मला मध्ये घातलं. मी जाऊन शाळेतल्या आवाजात सांगितलं, "आंटी, व्यायाम करायलाच हवा." ती म्हणाली, "जा गो टीचर, तुझी पोरं वाट बघत असतील."

चार दिवसांनी अंकल माझ्या दारात. "मशीन हेलकावा देतं असं ऐकलंय मी. अमेरिकेत गिटारवाले वापरतात. व्हॉल्व्हचंच असतं. व्हायब्रेटो बोलतात. तू पार्ल्याला कॉलेजच्या वाचनालयात जातेस ना? तिथे इंग्लिश मासिकं असतील, बघ." मी शनिवारी बाहेरून एम.ए. करण्यासाठी तिथे जायची. दोन शनिवार धूळ खाल्ल्यावर एका जुन्या मासिकात ती आकृती सापडली. मासिक घरी नेऊ देईनात, म्हणून मी पट्टी-पेन्सिल घेऊन ती हुबेहूब कागदावर उतरवली. एक व्हॉल्व्ह, त्याच्याभोवती तीन कंडेन्सर, बाकी रेझिस्टन्स. हा व्हॉल्व्ह आवाजाला सेकंदाला पाच-सहा वेळा दाबतो आणि सोडतो, म्हणून सूर थरथरतो, असं अंकलनी मला समजावलं. माझ्या वळणदार अक्षराचं कौतुकही केलं. फक्त कंडेन्सरपाशी आल्यावर कपाळाला आठ्या घातल्या. "पॉइंट झिरो नाइन? असला कंडेन्सर कोण बनवतो? असेल अमेरिकेत. आपण पॉइंट वन टाकू, तेवढंच." मी मान डोलावली. मी आकडे उतरवले होते, वाचले थोडेच होते?

दिवाळीनंतर पेटी तयार झाली. ॲल्युमिनियमच्या डब्यात व्हॉल्व्ह बसवला होता, बाहेर एक बटण, आणि गिटारची वायर आता या पेटीतून रेडिओत जायची. आता प्रश्न आला, वाजवून कोण बघणार? अंकलना सारेगमसुद्धा येत नव्हतं. ते पलंगापाशी जाऊन उभे राहिले. "फिलू, नुसती तार छेडायची. टेस्टिंग हाय. वाजवायचं नाय." आंटीने कूस बदलून त्यांच्याकडे बघितलं. मग उठली. ओटीवर येऊन गिटार मांडीवर घेतली आणि मला बजावलं, "हे वाजवणं नाय हां. टेस्टिंग हाय."

तिने तार छेडली. टिंग! सूर आला आणि हळूहळू गायबच झाला. गेला म्हणता म्हणता परत वर आला, पुन्हा बुडाला. "अरे, कुठे गेला?" आंटी म्हणाली. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. थरथर राहिली बाजूला, सूर झोपेत श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता. अंकलनी डोळे मिटून ऐकलं. "कुठेतरी कच्चा डाख राहिलाय. सांधा सुटतो नि लागतो. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सगळे डाख नव्याने दिले. आंटीने तार छेडली. सूर बुडाला. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बदलला, चौथ्या दिवशी व्हॉल्व्हचं सॉकेट. मग शेजारी इस्त्री लावतात म्हणून व्होल्टेज पडतं असा संशय आला आणि मला भिंतीवरून डोकावून शेजाऱ्यांची इस्त्री बंद करायला सांगावं लागलं. तरी सूर आपला बुडतोच.

असं रोज पाच वाजता चालायचं. मी शाळेतून येऊन चहाचा कप घेऊन ओटीवर टेकायची. अंकल लाकडी सुईने टकटक करायचे, आंटी हुकुमाप्रमाणे तार छेडायची. "खालची छेड. आता वरची. बार जरा पुढे ने. अजून पुढे. आता मागे." आंटी वैतागायची. "डुमिंग, तुझ्याच्यानं होणार नाय हे. डोकं गंजलं तुझं." "तू छेड." "हात दुखतो माझा." "मग पाच मिनिटांनी छेड." एकदा तर ती इतकी चिडली की, "सरक, मी बघते," म्हणून लाकडी सुई हिसकावून स्वतःच ठोकत बसली. मला हसू आवरेना. पण इतके दिवस झाले, इतका मोठा कारागीर, आणि एक साधी पेटी चालू होईना. म्हातारपणी माणसाची विद्या अशी हातातून जाते का, असं वाटायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

नाताळ आठवड्यावर आला होता. अंधेरी स्टेशनबाहेर मी बसच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे ट्रंक घेतलेला एक परप्रांतीय गृहस्थ. बस आली, तो ट्रंकेसकट चढला, आणि लगेच कंडक्टरने त्याला खाली उतरवलं. "अरे बाबा, वो नौ नहीं है, एक है! मराठी का एक!" तो गृहस्थ बसच्या कपाळावरच्या आकड्याकडे बघतोय आणि हात नाचवतोय, "नाइन ही तो लिखा है!" रांगेतले लोक हसले. मीही हसले. आणि मग माझं हसू जागच्या जागी थिजलं.

कपाळ माझं! दिवसभर फळ्यावर १, २, ३ काढणारी मी. आकृतीतली अक्षरं इंग्रजीत उतरवली आणि आकडे सवयीने मराठीत. दोन, तीन आणि शून्य दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, त्यामुळे रेझिस्टन्सचं काही बिघडलं नाही. दगा दिला तो एकाने. मासिकात पॉइंट झिरो वन होतं, मी लिहिलं .०१, आणि अंकलनी वाचलं पॉइंट झिरो नाइन. माझ्या एका आकड्यापायी त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने महिनाभर स्वतःचं डोकं फोडून घेतलं होतं. मी बस सोडली, रिक्षा केली.

अंकल ओटीवर एकटेच होते. "अंकल, वाट लागली! ते नऊ नाही, एक आहे! मी मराठी एक काढला, बसवर असतो तसा!"

त्यांनी आधी आतल्या दाराकडे बघितलं. "हळू बोल. मना माहीत हाय."

"काय?"

"तीन आठवडे झाले. घड्याळ लावून मोजला. दोन सेकंदाला एक हेलकावा. पाहिजेत सेकंदाला पाच. म्हणजे दहा पट हळू, म्हणजे कंडेन्सर दहा पट मोठे. मग तुझा कागद परत काढला. अगो, बसवर असता तर बरोबर वाचला असता मी. तू इंग्लिशच्या पोटात मराठी एक बसवलास, कोण बघणार?"

"मग बदलले का नाही?"

"आणून ठेवलेत तिन्ही. पंधरा मिनिटांचं काम." त्यांनी हनुवटीने आतल्या खोलीकडे खूण केली. "ती रोज पाच वाजता येऊन बसते. तासभर तार छेडते. मना शिव्या घालते. फॉल्ट निघाला की उठून जाईल नि भिंतीकडे तोंड करून पडेल. डॉक्टर काय बोलला? हात वापरा. मग वापरते ना?"

"आणि वर तुम्हीच म्हणता, माणूस खोटं बोलतो!"

"मग? मी काय फॉल्ट हाय?"

त्या दिवसापासून मीही कटात सामील झाले. पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी बाई मी, आणि रोज पाच वाजता ओटीवर बसून थापा मारायची. "अंकल, आज जरा खरखर वाटते हो." "अंकल, काल बरा होता, आज जास्तच बुडतो." अंकल गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे आणि एखादा धडधाकट रेझिस्टन्स उपटून परत लावायचे. मला खोटं नीट जमायचं नाही, हसू फुटायचं. मग ते माझ्या तोंडात नाताळचं कुलकुल कोंबायचे आणि म्हणायचे, "टीचर, तू खा."

जानेवारी संपत आला होता. त्या संध्याकाळी अंकलनी पेटीतला व्हॉल्व्ह काढून हातात घेतला होता आणि त्याच्या पिना पॉलिशपेपरने घासत होते. पेटी उघडीच, म्हणून गिटारची वायर थेट रेडिओत खोचलेली. आंटी वाट बघत बसली होती. बसल्या बसल्या तिने सहज एक जुनं लग्नाचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ अडखळत गेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिने बार एका सुरावर नेऊन टेकवला, आणि सूर हलला. अगदी थोडा, तांदळाच्या दाण्याएवढा. पण हलला. मी अंकलकडे बघितलं. ते मान खाली घालून पिना घासत होते. आंटीने पूर्ण गाणं वाजवलं आणि ते घासतच होते. त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. मी उठून उगाच नळावर कप धुवायला गेले, कारण माझंही काही वेगळं नव्हतं.

परत आले तेव्हा ते म्हणत होते, "फिलू, फॉल्ट सापडला बघ."

"कधी?"

"आत्ताच."

पंधरा मिनिटांत तिन्ही कंडेन्सर बदलले. पेटी चालू केली. आंटीने तार छेडली आणि सूर असा थरथरला की बाहेरून जाणारी दोन माणसं थांबली. अंकलनी विजयी मुद्रेने आमच्याकडे बघितलं. आंटीने नाक मुरडलं. "शेळी ओरडते जशी. आणि हा आवाज लहानमोठा होतो रे, सूर कुठे हलतो? बंद कर." ते म्हणाले, "मग मासिकात व्हायब्रेटो का लिहिलंय?" "ते त्या अमेरिकेवाल्यांना विचार." पेटी बंद झाली ती झालीच. एवढ्या मेहनतीची वस्तू, पण तिला नावं ठेवणाऱ्या बायकोकडे बघून तो माणूस जो खूश होता, तसा खूश माणूस मी आजवर दुसरा बघितलेला नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी दिंडोशीला राहायला गेले. तीन वर्षांनी निरोप आला की अंकल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी गेले. बायका निघून गेल्यावर फिलूआंटी आणि मी ओटीवर बसलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला आता राहवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. मराठी एक, पॉइंट झिरो नाइन, आणून ठेवलेले कंडेन्सर, माझ्या थापा. "आंटी, आम्ही तुम्हाला फसवलं. माफ करा."

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "टेबलाखाली झाडू कोण मारत होतं? तू? तीन नवीन कंडेन्सर पुडीत बांधून ठेवलेले, मना दिसत नाय? बत्तीस वर्षं त्याच्या बाजूला बसून कांदे चिरले गो मी. हळू हलतो म्हणजे कंडेन्सर मोठा, एवढं नाय कळणार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्यानं टाकले असते ना लगेच! मग काय केलं असतं त्यानं दिवसभर? रिटायर झाल्यापासून बनियनवर बसायचा, दाढी करायचा नाय, दोन शब्द बोलायचा नाय. टेस्टिंग सुरू झालं नि माझा नवरा पाच वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलावर यायला लागला. माझा हात काय, आज नाय तर उद्या हलला असता. आणि नसता हलला तरी काय मोठं?"

मी रडायला लागले. सांत्वनाला आलेली मी, आणि हमसून हमसून रडत होते. आंटीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. डावा हात, जड, पण फिरवला.

"रडू नको गो टीचर," ती म्हणाली. "चांगला अडीच महिने चालला आमचा फॉल्ट."